फुली कधी दिसेनाशी होते? अभिक्रियेचा दर मोजण्याचा प्रयोग आखताना

सोडियम थायोसल्फेटच्या (प्रयोगशाळेतला 'हायपो') द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की गंधकाचे बारीक कण तयार होतात, द्रावण गढुळतं आणि फ्लास्कखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होते. फुली झाकायला दर वेळी साधारण तेवढंच गंधक लागतं. म्हणून '1 भागिले वेळ' हे दराचं माप म्हणून चालतं.

बदलायची गोष्ट एकच ठेवा: हायपोची संहती (द्रावणात तो किती दाट आहे ते). तापमानाचा प्रयोग दुसऱ्या दिवशी. एकाच तासिकेत दोन्ही उरकायला गेलं की एकही धड होत नाही.

एका फेरीला 50, 40, 30, 20 आणि 10 मिली, म्हणजे 150 मिली हायपो लागतो; तीन फेऱ्यांना 450. तेव्हा 0.15 मोलर द्रावण 500 मिली करा. त्यासाठी 18.6 ग्रॅम स्फटिक लागतात. बाटलीवर 'निर्जल' (स्फटिकांतलं पाणी नसलेला) लिहिलेलं असेल तर 11.9 ग्रॅमच घ्या. इथे हमखास घोटाळा होतो. आम्ल 2 मोलर, 100 मिली: सुमारे 17 मिली संहत आम्ल पाण्यात ओतून (पाणी आम्लात कधीच नाही) पातळ करायचं. हे काम शिक्षकांनीच आधी करून ठेवावं.

प्रत्येक वेळी हायपोत पाणी घालून 50 मिली करा. पाणी विसरलात तर द्रवाची खोली कमी होते आणि संहतीही बदलत नाही, मग मोजलं काय? फुली पेनने काढली तर सांडलेल्या थेंबाने पसरते, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आता 5 मिली आम्ल एकदम ओता, त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करा, फ्लास्क एकदा हलवून फुलीवर ठेवा आणि वरून सरळ खाली बघा. फ्लास्क, फुली आणि बघणारा डोळा शेवटपर्यंत तेच. 'दिसेनाशी' म्हणजे नक्की कधी, यावर दोघांचं कधीच एकमत होत नाही.

मुख्य वाचनांआधी 50 आणि 10 मिलीची चाचणी घ्या. 50 मिलीला 20 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर हायपो पातळ करा: बटण दाबण्यातली एका सेकंदाची चूक 10 सेकंदांत 10 टक्के होते, 100 सेकंदांत फक्त 1 टक्का. 10 मिलीला मात्र साधारण पाचपट वेळ लागेल, तासिकेत तेवढा बसतो का पाहा.

हायपो आणि आम्लाची मोजपात्रं वेगळी ठेवा, नाहीतर मोजपात्रातच गढूळपणा सुरू होतो. फ्लास्क लगेच धुवा. काचेवर गंधकाचा थर राहिला तर पुढची फुली लवकर झाकली जाते आणि दर उगाच जास्त दिसतो. तिन्ही फेऱ्या 50 पासून 10 कडे घेऊ नका, क्रम बदला. खोली तापत गेली तर सगळी चूक एकाच बाजूला जमते. दर वाचनाला तापमान लिहायचंच.

सल्फर डायऑक्साइडही बाहेर पडतो. खिडक्या उघड्या, चष्मा घातलेला, दम्याच्या मुलांना लांब बसवलेलं. वापरलेलं मिश्रण धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात लगेच ओता. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (सोड्यात गुलाबी होणारा दर्शक) चार थेंब असू द्या. गुलाबी रंग गेला की सोडा संपत आला, आणखी घाला.

वेळ 40 सेकंद असेल तर 1/40 म्हणजे 0.025, आलेखासाठी 1000 ने गुणून 25 घेतलं की आकडे सुटसुटीत. आडव्या अक्षावर मिश्रणातली संहती मांडा: पहिल्या फ्लास्कमध्ये ती 0.15 नाही, 55 मिलीत विरल्यामुळे 0.136 मोलर आहे. बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेच्या आसपास पडले की दर हायपोच्या संहतीच्या सम प्रमाणात. एखादाच बिंदू भलतीकडे असेल तर तो खोडू नका, वहीत त्या वाचनाचं तापमान आधी बघा.