सीटपोस्ट खाली सरकतो? बोल्ट आवळणं आधी थांबवा

सीटपोस्ट (सायकलची सीट ज्या दांड्यावर बसते तो) सरकून सीट खाली जायला लागली की बहुतेक जण ॲलन की घेतात आणि बोल्ट आणखी आवळतात. दोन दिवस बरे जातात. मग पेडल मारताना गुडघे पुन्हा वर येऊ लागतात, पुन्हा आवळाआवळी. शेवटी बोल्टचे आटे जातात नाहीतर क्लॅम्पला, म्हणजे पोस्ट आवळून धरणाऱ्या कड्याला, तडा जातो, आणि सीट सरकायची ती सरकतेच. व्यवस्थित आवळूनही पोस्ट धरत नसेल, तर तुमचा जोर कुठेतरी मध्येच खर्च होतोय. तो कुठे खर्च होतोय ते शोधायचं, एवढंच काम आहे.

आधी खात्री करा

पोस्ट फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे, फ्रेमच्या काठाला लागून, इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा. सायकल चालवून आल्यावर टेप फ्रेमच्या काठावर चुरगळून वर गोळा झालेली दिसली, तर पोस्ट सरकतोय. टेप जागेवर असून सीटचं नाक खाली झुकलं असेल, तर दोष सीटखालच्या बोल्टचा आहे. हा लेख त्यासाठी नाही. सीट डावी-उजवीकडे फिरत असेल तर इलाज सरकणाऱ्या पोस्टचाच.

काढा, पुसा

पोस्ट बाहेर काढा आणि पोस्ट, फ्रेमची नळी आणि क्लॅम्प तिन्ही स्वच्छ पुसा. पोस्टवर किमान खोलीची रेघ असते ती बघून घ्या. सीट तुमच्या उंचीला लावल्यावर ती रेघ बाहेर दिसत असेल, तर पुढचं काही वाचू नका, लांब पोस्ट आणा. तोकडा पोस्ट कितीही घट्ट बसवला तरी तो फ्रेमचं तोंड फाडतो.

बोल्ट आणि क्लॅम्प

कोरड्या, गंजलेल्या बोल्टवर लावलेला जोर बहुतांशी आट्यांच्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. पाना कडक लागतो, आपल्याला वाटतं झालं, आणि क्लॅम्प मात्र ढिलाच असतो. म्हणून बोल्ट पूर्ण बाहेर काढा, आटे ब्रशने साफ करा, आट्यांवर आणि डोक्याखाली थोडं ग्रीस लावा. अनेकदा सरकणं इथेच थांबतं.

क्लॅम्पच्या दोन कानांकडेही (बोल्ट ज्यांतून जातो ती टोकं) बघा. आवळल्यावर ते एकमेकांना टेकत असतील, तर पुढचा सगळा जोर कानावर कान दाबण्यात जाणार, पोस्टला काही मिळणार नाही. कान आत वाकलेले असतील तर क्लॅम्प बदला. नवा घेताना माप फ्रेमच्या नळीचं बाहेरून घ्यायचं, पोस्टचं नाही. २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिमी ही नेहमीची मापं.

लिव्हरवाला क्विक रिलीज (पान्याशिवाय हाताने उघडणारा क्लॅम्प) असेल तर तो अर्ध्यावर आल्यावर जड लागायला हवा आणि बंद करताना तळहातावर वळ उठायला हवा. सीटची उंची रोज बदलत नसाल, तर माझं स्पष्ट मत आहे: लिव्हर काढून टाका आणि साधा बोल्टचा क्लॅम्प लावा. लिव्हरखालचं प्लॅस्टिकचं वॉशर झिजतं, आणि ते झिजलंय हे सीट खाली गेल्यावरच कळतं.

माप: खरं दुखणं इथे असतं

माझा सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीत गेलाय, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही हिच्याबद्दलच मिळतात. "पोस्ट आत जातो ना, मग माप बरोबर आहे," हे वाक्य कुणी म्हणालं की त्याच्या हातातून पाना काढून घ्या. बारीक पोस्ट आत जातोच. खरं तर तो बरोबर मापाच्या पोस्टपेक्षा सहज जातो, आणि म्हणूनच माणूस फसतो.

सीटपोस्टची मापं ०.२ मिमीच्या फरकानेही मिळतात: २६.८, २७.०, २७.२. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, पण पकड जायला पुरतो. जाड नळीच्या फ्रेममध्ये घोळ होतो तो ३०.९ आणि ३१.६ चा. ३१.६ च्या फ्रेममध्ये ३०.९ चा पोस्ट जातो, वरून नीट दिसतो, आणि कितीही आवळलात तरी कधीच धरत नाही.

पोस्टच्या खालच्या टोकाजवळ किंवा किमान खोलीच्या रेघेपाशी माप कोरलेलं असतं. ते पोस्टचं माप. फ्रेमला कोणतं हवं होतं, ते त्यावरून कळत नाही. जुनी सायकल घेतली असेल तर आधीच्या मालकाने हाताला लागेल तो पोस्ट बसवलेला असू शकतो.

व्हर्निअर कॅलिपर घ्या. पोस्ट दोन ठिकाणी मोजा: क्लॅम्प बसतो तिथे आणि अगदी तळाला. प्रत्येक ठिकाणी व्यास दोनदा घ्या, एकदा पुढून-मागून, एकदा डावी-उजवीकडून. तळाचं माप खरं. क्लॅम्पच्या जागी ते कमी भरलं किंवा दोन दिशांना वेगळं आलं, तर पोस्ट झिजलाय किंवा दाबून लंबगोल झालाय. तसला पोस्ट कुठल्याही पेस्टने सुधारत नाही.

फ्रेम आतून मोजणं अवघड आहे, कारण तोंडाची उभी चीर (क्लॅम्पने आवळता यावं म्हणून ठेवलेली) वर्षानुवर्षं आवळून मिटत आलेली असते आणि कॅलिपर तिथेच टेकतो. त्यामुळे मी मापाआधी चीर बघतो. क्लॅम्प काढून पोस्ट आत घाला आणि चिरेच्या दोन्ही कडा नीट बघा. वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर असतील तर माप जुळतंय. वर जवळ आणि खाली लांब असतील, तर फ्रेम बारीक पोस्टवर दाबून दाबून मिटवलेली आहे.

दुसरी परीक्षा हाताची. क्लॅम्प नसताना पोस्ट नेहमीच्या उंचीवर धरा आणि सोडा. खटकन खाली पडला, किंवा वरचं टोक पुढे-मागे हलवताना आत कट्कट् वाजलं, तर पोस्ट बारीक आहे. बरोबर मापाचा पोस्ट हाताने थोडा फिरवत खाली ढकलावा लागतो.

इलाज एकच: बरोबर मापाचा पोस्ट आणा. मिटलेली चीर स्क्रूड्रायव्हर घालून फाकवू नका. स्टीलची फ्रेम एखाद्या वेळी माफ करेल. ॲल्युमिनियम आणि कार्बन करणार नाहीत.

आता बारीक पोस्टभोवती शीतपेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळायच्या युक्तीबद्दल. तो पत्रा सुमारे ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे एका वेढ्याने व्यास ०.२ ने वाढतो. फरक नेमका तेवढाच असेल तर धातूच्या फ्रेममध्ये चालून जातं. अटी अशा: एकच वेढा, टोकं एकमेकांवर चढता कामा नयेत, पत्र्याची फट फ्रेमच्या चिरेच्या रेषेत यावी, आणि वरची कड बाहेर दुमडलेली असावी, नाहीतर पत्रा घसरून नळीत जातो. कड चांगलीच धारदार असते, हातमोजे घाला. नवा पोस्ट मिळेपर्यंतच हे करायचं. तीन-चार वेढे गुंडाळून वर्षभर चालवणाऱ्यांनी मला काही सांगू नये. फरक मोठा असेल तर वर काठ असलेला तयार शिम (फट भरणारी पातळ नळी) मिळतो, तो घ्या. त्याचीही फट चिरेच्या रेषेत हवी, नाहीतर शिम मिटतच नाही.

ग्रीस की पेस्ट

धातूच्या फ्रेममध्ये धातूचा पोस्ट असेल तर ग्रीसचा पातळ हात. "ग्रीस पुसून टाका, सरकणं थांबेल," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. थांबेलही. पण स्टीलच्या फ्रेममध्ये कोरडा ॲल्युमिनियमचा पोस्ट ओलाव्याने असा धरून बसतो की पुढे करवतीने कापून काढावा लागतो. माप बरोबर असून ग्रीसमुळेच सरकत असेल तर ग्रीस पुसा आणि कार्बन पेस्ट लावा. तिच्यात बारीक कण असतात, त्यामुळे कमी जोरातही पकड येते. धातूलाही ती चालते.

फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर फक्त हीच पेस्ट, ग्रीस नाही.

पोस्टला पॉलिश पेपर मारणं, केसांचा स्प्रे, वाळू, चिकटपट्टी यांतलं काही करू नका. पेपर मारल्याने ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर जातो आणि पोस्ट आणखी बारीक होतो. कार्बनचे तर तंतूच कापले जातात.

आवळा आणि बघा

क्लॅम्पवर किती जोराने आवळायचं त्याचा आकडा कोरलेला असतो, साधारण ४ ते ७ न्यूटन मीटर. कार्बनला टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) हवाच, आणि तिथे बहुधा ५ च्या आसपास थांबायचं असतं. फ्रेमवर किंवा पोस्टवर कमी आकडा लिहिलेला असेल तर तो पाळा. टेपचा नवा वेढा मारा, खड्ड्यांच्या रस्त्यावरून एक चक्कर मारा, टेप बघा.

माप, बोल्ट, पेस्ट सगळं बरोबर असूनही टेप सरकली, तर क्लॅम्प पुन्हा काढा आणि चीर जिथे संपते त्या टोकाला बॅटरीच्या उजेडात रंग बघा. तिथून केसासारखी रेघ खाली जात असेल तर फ्रेम तडकली आहे. सायकल चालवणं तिथेच थांबवा आणि फ्रेम दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. स्टीलची फ्रेम जोडता येते, कार्बनचं काम जाणकाराकडून होऊ शकतं. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मी दुरुस्तीच्या फंदात पडत नाही, फ्रेमच बदलतो.