पत्रे नेताय? हूक घेतलेत का?

अरबी समुद्रातली बहुतेक वादळं येतात ती मे-जूनमध्ये, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. २००९ चं फयान नोव्हेंबरातलं, २०२० चं निसर्ग ३ जूनचं, २०२१ चं तौक्ते मे महिन्यातलं. म्हणजे वादळानंतर कोकणात मदतीचा ट्रक काढायची इच्छा असेल तर जमवाजमव एप्रिलातच करायला हवी. वादळाच्या बातम्या सुरू झाल्यावर पुण्यामुंबईतल्या हार्डवेअरच्या दुकानांत सगळेच धावतात. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, काडेपेट्या यांवर मी शब्द घालवणार नाही. ते प्रत्येकाला सुचतं, म्हणूनच तिथे त्याचा ढीग लागतो. जुने कपडे नेऊ नका. कारण विचारू नका, नेऊ नका.

सुरुवात छपरापासून करा. निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, आणि पाठोपाठ पाऊसकाळ. कौलं उडाली, फुटली, आणि तशी कौलं आता सहज मिळत नाहीत. मग लोक सिमेंटच्या पत्र्याकडे वळले आणि पत्र्याचाही तुटवडा पडला. म्हणून ज्यांना थोडीफार माहिती असते ते गट पत्रे नेतात. आम्हीही नेले. हूक नेले नाहीत. पत्रे पडवीत भिंतीला टेकून उभे आणि घरात पाऊस, याच्याइतकं लाजिरवाणं काही नसतं. जवळच्या बाजारातली दुकानं एकतर बंद, नाहीतर त्यांच्याकडचे हूक कधीच संपलेले. तेव्हा इतर सगळं विसरलात तरी चालेल, हूक विसरू नका.

हूक म्हणजे जे-हूक. लोखंडी, एका बाजूला वाकडा, दुसऱ्या बाजूला आटे. वाकडी बाजू वाशाला खालून धरते, आट्याची बाजू पत्र्यातून वर येते. वर आधी डांबरी वायसर, त्यावर जीआय वायसर (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी चकती), मग नट. हे तिन्ही वेगवेगळे विकत घ्यावे लागतात आणि दुकानदार स्वतःहून आठवण करून देत नाही. डांबरी वायसर राहिला तर भोकातून पाणी गळतं, जीआय वायसर राहिला तर नट आवळताना पत्रा तडकतो. मापाचं तर विचारूच नका. जुन्या घराचा गोल लाकडी वासा, नव्या घराचा लोखंडी पाइप, पडवीला लावलेली चौकोनी पट्टी, प्रत्येकाला हुकाची लांबी वेगळी. म्हणून निघण्याआधी गावात कुणाला तरी फोन करून आधाराची जाडी सुतळीनं मोजून घ्या. फोन लागत नसेल (टॉवरचं डिझेल संपलं की लागतच नाही) तर दोन-तीन मापांचे घ्या आणि सगळ्यात लांब माप जास्त घ्या. लांब हुकाचं काहीतरी करता येतं, आखूड हुकाचं काहीच करता येत नाही.

हिशेब असा. दहा फुटी पत्र्याला तीन ठिकाणी आधार, प्रत्येक ठिकाणी दोन हूक, म्हणजे पत्र्यामागे सहा. शंभर पत्र्यांना सहाशे. त्यावर शंभर जास्त, कारण हूक चिखलात पडतात, गवतात हरवतात, आणि शेजारच्या घराचे उरलेले दोन पत्रेही निघतात. पोरं म्हणतील, एवढे कशाला, खिळ्यांनी भागवू. खिळ्यानं भागत नाही. सिमेंटच्या पत्र्यात खिळा ठोकला की चीर जाते, आणि ती चीर पहिल्या वाऱ्यात पूर्ण होते. भोक ड्रिलनंच पाडायचं, आणि तेही पत्र्याच्या उंचवट्यावर, पन्हाळीत नाही; पन्हाळीतून पाणी वाहतं. आता विचार करा, गावात वीज आहे का? नाही. कित्येक गावांत कितीतरी आठवडे नव्हती. म्हणजे विजेच्या ड्रिलचा उपयोग शून्य. हातानं फिरवायचं ड्रिल घ्या, किंवा बॅटरीचं घ्या आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या भरून न्या. हूक, दोन्ही वायसर, नट, हातड्रिल, हुकापेक्षा किंचित जाड पातं आणि नट आवळायचा पाना, हे सगळं एका पेटीत ठेवा. ती पेटी ट्रकमध्ये टाकू नका. ती माझ्या, म्हणजे तुमच्यातल्या सगळ्यात चिडचिड्या माणसाच्या, पायाशी ठेवा.

पत्र्यांबद्दल थोडंच. ताम्हिणी घाटातून उतरताना वळणावळणाला सिमेंटचा पत्रा तडकतो, म्हणून पेंढा घालून आडवे रचा, उभे नको. मोभावर, म्हणजे छपराच्या माथ्यावर, बसणारे तुकडे वेगळे मागावे लागतात, विसराल. आणि पत्रे बसवायला सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकाकडून करा. कोकणात पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून ईशान्येच्या टोकापासून निघून समुद्राकडे सरकत यायचं, म्हणजे एकावर एक आलेल्या कडेचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. स्थानिक सुताराला हे माहीत असतं. तो असेल तर तुम्ही गप्प बसा आणि त्याला हूक द्या.

ताडपत्री पत्र्याच्या आधी लागते, कारण पत्रे बसेपर्यंतही घरात झोपायचं असतं. बाजारातली स्वस्त निळी घेऊ नका, ती पंधरा दिवसांत चिंध्या होते. जाडी जीएसएममध्ये (चौरस मीटरला किती ग्रॅम) विचारा आणि दोनशेच्या खाली जाऊ नका. कडेला रिंगा हव्यात, सोबत नायलॉनची दोरी हवी, आणि दोरी कमीच पडते. जुने फ्लेक्स फुकट मिळतात आणि उत्तम टिकतात. पुढाऱ्यांचे वाढदिवस कधीतरी उपयोगी पडले तर पडू दे.

झाडं. नारळ, पोफळी, आंबा, फणस सगळे आडवे, कधी घरावर, कधी रस्त्यावर, कधी तारांवर. पेट्रोलवर चालणारी करवत न्या, पण ती चालवणारा माणूस तीच करवत आधी चालवलेला असावा. दुकानात शिकून आलेला पोरगा नको. आडव्या पडलेल्या खोडात ताण असतो, चुकीच्या बाजूनं कापलं की ते उसळून येतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी तेल, साखळीचं तेल, कानस आणि एक जास्तीची साखळी घ्या. गावातला पंप विजेअभावी बंद असू शकतो, म्हणून पेट्रोल वाटेत माणगावला भरून घ्या. तारांवर पडलेल्या झाडाला हात लावायचा नाही, तार मेलेली दिसत असली तरी. जनित्र लावून कुणी घरात वीज घेतली असेल तर ती तार जिवंत असते. गमबूट आणि हातमोजे सगळ्यांना, कारण साप आणि लेप्टो (साचलेल्या पाण्यातून, चिखलातून होणारा ताप) दोन्ही असतात.

पाणी. विहिरीत पाणी असतं, पण मोटर चालत नाही आणि रहाट घराघरांतून कधीच गेले. दोरी आणि बादल्या न्या. आणखी जमलं तर एक पेट्रोलचा पंप, जो वाडीवाडीत फिरवता येईल. विहिरीत पाला पडून पाणी कुजतं, तेव्हा टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर आरोग्य केंद्रात मागा, अंदाजानं टाकू नका.

आता कागद, आणि इथे घाई करू नका, कारण तुम्ही निघून आल्यावरही हेच काम चालू राहतं. मदतीच्या पैशाला पंचनामा लागतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येऊन लिहून नेतात. गावकरी बिचारे आधी घर आणि वाट मोकळी करतात, मग पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. म्हणून करवत सुरू करण्याआधी फोटो: घर चारही बाजूंनी, बागेतली पडलेली झाडं मोजता येतील असे, आणि घरमालक फोटोत उभा. पासबुक, आधार, आणि आठ-अ, सातबारा हे जमिनीचे उतारे यांच्या छायाप्रती काढून ठेवा. गावात झेरॉक्स बंद असते, त्यामुळे फोनमध्ये फोटो घेऊन परत आल्यावर छापा आणि पाठवा. खरी अडचण सातबाऱ्याची आहे. कोकणात एका सातबाऱ्यावर आठ-दहा नावं, त्यातली निम्मी मुंबईत, एक-दोन देवाघरी. बाग राखतो एक भाऊ, पैसे अडतात सगळ्यांच्या संमतीवर. तुमच्या गटात एक माणूस फक्त यासाठी ठेवा, जो बोरिवलीतल्या चुलत्याला फोन करून संमतिपत्र मागेल. तेही सामान उतरवण्याइतकंच मोलाचं काम आहे, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

आणि भरपाईबद्दल लोकांना खोटी आशा दाखवू नका. निसर्गानंतर बागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. ऐकायला बरी, पण कोकणात बाग गुंठ्यांत असते. त्या दरानं पाच गुंठ्यांच्या वाडीला साधारण अडीच हजार आले. श्रीवर्धनची पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सात-आठ वर्षं जातात, नारळाचंही तसंच. बाग गेली म्हणजे एका पिढीचं शिक्षण आणि लग्न गेलं, आणि समोरच्या म्हाताऱ्याला हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही फक्त अर्ज नीट भरा.

रोख घ्या, सुट्ट्या नोटांत; एटीएम बंद असतं. स्वतःचं जेवण, पाणी, अंथरूण घ्या. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून उतरू नका, कोकणातला माणूस छप्पर नसतानाही चहा करतो आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

वाटप. हमरस्त्यावरच्या पहिल्या गावात ट्रक उभा केला की तिथेच रिकामा होतो. आधी यादी मागवा, सरपंचाकडून एक आणि शाळेतल्या बाईंकडून एक, आणि दोन्ही ताडून बघा. रस्ता संपतो तिथून पुढे आदिवासीवाडी असते, कोळीवाडा असतो, बौद्धवाडी असते. तिथे आधी. होड्या-जाळ्यांचं नुकसान कुणी विचारत नाही, विचारा. हूक मोजून द्या, पत्र्याबरोबर द्या, पत्र्यांचा ट्रक पुढे आणि हूक मागच्या गाडीत असं करू नका. मागची गाडी घाटात अडकली की झालं.

परतताना ताम्हिणी अंधारात नको, दरडी येतात. गेलेलं सामान आणि मिळालेले पैसे त्याच आठवड्यात देणगीदारांना लिहून कळवा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी देत नाही. करवत गावातच ठेवा, पण ज्याच्या पडवीत ठेवाल त्याला टू-टी तेलाचं मिश्रण करून दाखवून मगच निघा. उरलेले हूक सुताराकडे द्या, वायसरसकट.