ट्रेकिंग संस्थेच्या शाखेची वेबसाइट: चाव्या कोणाकडे, याद्या किती दिवस

शाखेची साइट हॅकरमुळे बंद पडल्याचं फार ऐकू येत नाही. ज्याच्या ईमेलवर डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, घेतलं तो मुलगा नोकरीसाठी बंगळूरला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि एका सकाळी साइट गायब असते. डॉट कॉमची नोंदणी मुदत उलटून रद्द झाली, की ती परत मिळवायला ३० दिवस असतात, तेही भरमसाट जादा शुल्क देऊन. त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो.

म्हणून डोमेन, होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा) आणि गुगल खातं ही तिन्ही शाखेच्या ईमेलवर आणा. डोमेनचे पैसे एकदम तीन वर्षांचे भरा. खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपी) लावलीत की ओटीपी एकाच फोनवर जातो आणि तो फोन नेमका गडावर रेंजबाहेर असतो. गुगल यासाठी दहा बॅकअप कोड देतं. ते छापून खजिनदाराच्या फाइलला लावा. खातं दोन वर्षं कोणी वापरलंच नाही, तर गुगल ते आतल्या फॉर्म-फोटोंसकट काढून टाकू शकतं. बंद पडत आलेल्या शाखांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

साइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल, तर सगळे अधिकार असलेले ॲडमिनिस्ट्रेटर दोनच असावेत. ट्रेकचं वर्णन लिहिणाऱ्याला ऑथर ही भूमिका पुरते. कॉन्ट्रिब्युटर दिलीत तर त्याला फोटो चढवता येत नाहीत आणि मग तो कोणाकडून तरी ॲडमिनचा पासवर्ड मागून घेतो. कार्यकारिणी बदलली की त्याच आठवड्यात जुन्यांची खाती बंद करा. रुसवे-फुगवे होतील, होऊ द्या.

आता नावनोंदणीचा फॉर्म. खरी जोखीम इथे आहे. नाव, मोबाइल, १८ वर्षं पूर्ण आहेत का, आणीबाणीत कळवायचा एक नंबर, एवढं एका दिवसाच्या ट्रेकला पुरतं. रक्तगट सगळेच विचारतात, पण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय स्वतः तपासणी करतंच, फॉर्मवर लिहिलेल्यावर विसंबत नाही. दमा, हृदयविकार, ॲलर्जी यांची चौकशी ट्रेक लीडरने फोनवर करावी, ते फॉर्मची उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये नको. आधारचा फोटो तर मागूच नका. कुठे ओळखपत्र लागलंच, तर ज्याचं त्याने जवळ बाळगावं आणि जागेवर दाखवावं.

गुगल फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा सारांश इतरांना दाखवण्याचा पर्याय असतो. तो बंद आहे ना, हे पाहा. उत्तरांची शीट ‘लिंक असलेला कोणीही’ अशी ठेवून लीडरांच्या ग्रुपवर टाकू नका; ज्याला हवी त्याच्या ईमेलला परवानगी द्या.

फॉर्म बनवतानाच तो पुसायची तारीख ठरवा आणि फॉर्मवर लिहा: ‘ही माहिती ट्रेकनंतर ३० दिवसांनी काढून टाकू.’ पुसताना बरेच जण इथे चुकतात: शीट डिलीट केली तरी फॉर्ममधली उत्तरं तशीच राहतात. दोन्हीकडून काढायची, शिवाय ड्राइव्हचा ट्रॅश रिकामा करायचा, नाहीतर फाइल तिथे आणखी ३० दिवस असते. लीडरने छापून नेलेली यादीही फाडायची. पैशांच्या पावत्या मात्र हिशेबासाठी ठेवाव्या लागतात.

कायद्याचं बोलायचं तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती-सूचनेच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाची बरीच मुलंही त्यात आली. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये असल्याचं ऐकून घाबरू नका, पण सवय आत्तापासून लावा.

फोटोंचं एक दुखणं राहिलं. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतात. तसलाच मूळ फोटो साइटवर चढतो आणि एखाद्या सदस्याच्या घरच्या बैठकीचा पत्ता जगाला कळतो. चढवण्याआधी ही माहिती काढून टाका. लहान मुलांच्या फोटोखाली नाव-शाळा लिहू नका.

वर्डप्रेसच्या पानाला पासवर्ड लावला म्हणजे त्यातली पीडीएफ लपली, असंही नाही. फाइलचा थेट पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला ती उघडते. सदस्ययादी साइटवर अजिबात नको, ती याचसाठी. कोणी ‘माझा फोटो काढा’ म्हणालं, तर पानावरून काढून थांबू नका. वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतून कायमचा डिलीट करा आणि गुगलच्या कालबाह्य मजकूर हटवण्याच्या पानावर त्या फोटोचा पत्ता द्या.