जांघेतली गाठ हर्नियाचीच आहे ना? शस्त्रक्रियेआधी काय पाहावे, काय विचारावे

नाशिक जिल्ह्यात अंगमेहनतीवर घर चालवणाऱ्यांना जांघेतला फुगवटा नवा नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्या वाहणारा हमाल असो की निफाड-दिंडोरीकडे पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा शेतमजूर, जांघ फुगली की घरातले जाणते माणूस ‘अंतर्गळ झाला’, म्हणजे पोटातले आतडे किंवा चरबी कमकुवत जागेतून बाहेर येणारा हर्निया झाला, असे सांगून टाकते, आणि बहुतेक वेळा ते खरेही निघते. पुरुषांमध्ये हा आजार इतका सर्रास आढळतो की रुग्ण, नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा गाठीकडे नीट पाहण्याआधीच तिला हर्निया म्हणून मोकळे होतात. मात्र पोटातल्या काही गाठी याच वाटेने बाहेर डोकावतात, आणि त्या ओळखण्याची संधी पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीच असते. म्हणून पुढचे सारे आग्रहाने लिहीत आहे.

प्रथम गाठीची चाल पाहावी. रुग्णाने कमरेखालचे कपडे पूर्ण सैल करून उजेडात उभे राहावे आणि तोंड बाजूला वळवून जोराने खोकावे. हर्निया असेल तर जांघेवर हलकेच ठेवलेल्या बोटांना आतून धक्का जाणवतो आणि फुगवटा वाढतो. नंतर गुडघे किंचित दुमडून पाठीवर पडावे व पाच-दहा मिनिटे थांबावे. साधा हर्निया बहुधा आपोआप किंवा हळुवार दाबाने आत जातो, कधी जाताना गुडगुड आवाजही येतो. पडल्यावरही गाठ तशीच राहत असेल, खोकताना तिला धक्का बसत नसेल, ती टणक लागत असेल किंवा काही महिन्यांत सुपारीची लिंबाएवढी झाली असेल, तर तिला ‘अडकलेला हर्निया’ म्हणून सोडून न देता सोनोग्राफीची मागणी करावी. आत जात नाही म्हणून ती जोराने रेटू मात्र नये. गाठ अचानक कडक होऊन असह्य दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, गॅस व शौच बंद झाले, तर आतडे अडकल्याची शक्यता असते, आणि अशा वेळी त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

सर्वांत फसवी गाठ चरबीची असते. पोटाच्या पडद्यामागे, मूत्रपिंडाच्या आसपास, चरबीचा मोठा साठा असतो आणि तिथे लायपोसार्कोमा नावाचा कर्करोग महिनोन् महिने न दुखता वाढू शकतो. जांघेतला सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा जो मार्ग वृषणाच्या रज्जूला बाहेर नेतो, त्याच मार्गाने या गाठीचे टोक खाली उतरते आणि हुबेहूब आत न जाणाऱ्या हर्नियासारखे दिसते. सोनोग्राफीतही हर्नियात उतरलेली पोटातली चरबी आणि ही चरबी यांतला फरक सहज कळत नाही. शस्त्रक्रियेत ती पिवळी गाठ साधी समजून तुकड्यातुकड्याने काढली गेली, तर मूळ पोटात तसेच राहते, रोग पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो आणि पुढचे उपचार अवघड होतात. म्हणूनच आत न जाणारी, चरबीसारखी मोठी गाठ असेल आणि सोबत पोट एका बाजूला जड वाटत असेल, तर पोट व ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन काढलेला) सीटी स्कॅन आधी व्हायला हवा. कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनिन तपासतात, ते करून घ्यावे.

दुसरी तपासणी अगदी साधी असून संकोचामुळे राहून जाते. गाठ ज्या बाजूला आहे त्या बाजूची वृषणपिशवी रिकामी तर नाही ना, हे पाहावे. बालपणी खाली न उतरलेले वृषण जांघेत किंवा पोटात राहिले, तर त्यात कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तसे आढळल्यास शस्त्रक्रियेआधी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या वृषणाच्या कर्करोगाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या होतात, आणि वृषणपिशवी न उघडता वृषण जांघेतल्या छेदातून काढतात. पिशवीत सुई घालून तुकडा काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसरे मत घ्यावे.

पायाच्या जखमेने जांघेत येणारे अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, सर्वांना परिचित आहे. जखम बरी होऊनही गाठ तीन-चार आठवडे टिकली, रबरासारखी लागली, किंवा ताप, रात्रीचा घाम व वजनातली घट सोबत असली, तर लसिका ग्रंथींचा कर्करोग किंवा क्षयरोग तपासावा लागतो. मणक्याच्या क्षयाचा पूही कंबरेतून उतरून जांघेत जमतो. स्त्रियांमध्ये जांघेचा हर्निया तुलनेने कमी असल्याने त्यांच्या प्रत्येक गाठीची सोनोग्राफी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाळीच्या दिवसांत दुखणारी व फुगणारी गाठ असेल तर ते आवर्जून सांगावे.

कधी हर्निया खराच असतो, पण तो होण्याचे कारण पोटात दडलेले असते. पन्नाशीनंतर नव्याने हर्निया झाला आणि त्याच सुमारास पोटाचा घेर वाढू लागला, भूक मंदावली, शौचाच्या सवयी बदलल्या किंवा शौचातून रक्त गेले, तर या तक्रारी वेगळ्या समजू नयेत. यकृताच्या आजारात किंवा अंडाशय, जठर, मोठे आतडे यांच्या कर्करोगात पोटात पाणी साठते आणि त्या दाबाने हर्निया बाहेर येतो. आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) एका दुर्मीळ आजारात तर हर्नियाची पिशवी उघडताच थंड झालेल्या साबुदाण्याच्या पेजेसारखा चिकट द्रव दिसतो, आणि तोच त्या आजाराचा पहिला पुरावा ठरतो.

त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात, आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात जाताना गाठ केव्हा दिसली, किती वाढली, पडल्यावर जाते का, हे कागदावर लिहून न्यावे, कारण गर्दीच्या ओपीडीत नेमके हेच सांगायचे राहते. ‘मला उभे करून आणि झोपवून, दोन्ही वेळा तपासाल का?’ असे नम्रपणे विचारण्यात गैर काही नाही. शंका कर्करोगाची निघाली, तर उपचारांच्या खर्चासाठी असलेल्या महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य या सरकारी योजनेबाबत योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटावे. लायपोसार्कोमासारख्या सार्कोमासाठी परळच्या टाटा रुग्णालयासारख्या अनुभवी केंद्राचा सल्ला पहिल्या छेदाआधीच घेणे हिताचे.

शस्त्रक्रिया ठरल्यावर डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारावी: हर्नियाची पिशवी जाड, गाठाळ किंवा वेगळी दिसली, तर ती तपासणीला पाठवणार का? काढलेला भाग टिकवून ठेवणाऱ्या फॉर्मेलिनच्या बाटलीवर रुग्णाचे नाव, बाजू आणि तारीख असावी. टाके काढायला जाल त्या दिवशी पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्यावा, आणि तो तोपर्यंत आलेला नसेल तर केव्हा येईल ती तारीख फाइलवर लिहून घेऊनच निघावे.