चालताना आभार मानताय? मग या चुका टाळा

ठाण्यात कचराळी तलावाला फेऱ्या मारताना किंवा उपवन तलावाच्या काठाने चालताना आयुष्यातल्या चांगल्या गोष्टींबद्दल मनातल्या मनात आभार मानणारे आता बरेच जण भेटतात. मला ही सवय मनापासून आवडते. ती मध्येच सुटते तेव्हा कारणं साधी असतात आणि दुरुस्तीही आपल्याच हातात असते.

रोज तीच यादी

आई-वडील, मुलं, नोकरी, घर, तब्येत. आठवड्याभरात ही यादी पाढ्यांसारखी पाठ होते आणि मन केव्हाच ऑफिसात पोचतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, आभार मानाव्यात अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. तक्रारी लिहिणाऱ्या गटापेक्षा या लोकांनी व्यायामही जास्त केल्याचं सांगितलं. तेव्हा रोज पारायण नको. एका फेरीला एकच गोष्ट घ्या, तीही आजची: जिना उतरताना गुडघा कुरकुरला नाही, रात्री झोप नीट लागली. आणि ट्रॅक झाडणाऱ्या मावशी समोरच असतील तर मनात कशाला? थांबून सांगा, ‘मावशी, ट्रॅक छान झालाय.’

चढावर श्वासाच्या मागे लागणं

येऊरचा चढ चढताना श्वासावर लक्ष ठेवलं की तो उलट अडखळतो, असा अनेकांचा अनुभव आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात धावणाऱ्यांनी आजूबाजूला लक्ष दिलं तेव्हा त्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन कमी लागला. श्वासाकडे किंवा स्वतःच्या हालचालीकडे लक्ष दिलं तेव्हा जास्त. म्हणून चढावर कान बाहेर लावा. तांबट पक्ष्याची टुकटुक ऐका, झाडं बघा. श्वासाकडे वळायचं ते सपाटीला, शेवटची पाच मिनिटं वेग कमी केल्यावर.

दुखणं आभारांखाली दाबणं

सगळ्यात घातक चूक ही. ‘जे आहे ते स्वीकारायचं’ असं म्हणत लोक दुखऱ्या गुडघ्यावर आणखी दोन फेऱ्या ओढतात. शरीराचे आभार मानायचे तर आधी त्याचं ऐकायला हवं. दोन्ही मांड्या भरून आल्या असतील तर काळजी नाही. पण एकाच जागी टोचणारी, पावलागणिक वाढणारी कळ असेल, सूज असेल, चाल लंगडी होत असेल, तर त्या दिवसाचा व्यायाम तिथेच संपवा. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, चक्कर यांपैकी काहीही झालं तर बसा, शेजारच्याला सांगा, १०८ ला फोन लावा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी चालत जाऊ नका. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखताही, नुसता दम लागून किंवा विचित्र थकवा येऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं.

दुसऱ्याच्या उणिवेवर आपलं समाधान

बाकावर काठी टेकून बसलेल्या आजोबांना बघून ‘चला, मला तरी चालता येतंय’ असं वाटतं. ही कृतज्ञता नाही, तुलना आहे. त्यांना नमस्कार करा, दोन शब्द बोला.

रस्त्यावर कानात ध्यान

पाम बीच रोडच्या कडेने इअरफोनवर ध्यानाचं रेकॉर्डिंग लावून चालू नका. मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईसारख्या, वाहनं नसलेल्या ट्रॅकवर ऐकलं तर ठीक, तेही आवाज कमी ठेवून.

मन सारखं भटकतंय?

भटकणारच. लक्षात आलं की परत या. एका फेरीत वीसदा यावं लागलं तरी काही बिघडलेलं नाही. घरात आजारपण असेल, मन जड असेल, तर त्या दिवशी आभारांची जबरदस्ती करू नका. नुसतं चाला. चालण्याचा फायदा त्या दिवशीही मिळतोच.