पोलंडमधलं नेमकं गाव कुठलं, ते असं शोधा

पुण्यातून हल्ली पोलंडला शिकायला नाहीतर गोडाऊन-फॅक्टरीच्या कामाला जाणारी बरीच पोरं दिसतात, आणि कागदावर गावाचं नाव काय तर नुसतं दोंब्रोवा. आता मॅपवर टाकून बघा, कुठं कुठं पिना पडतात ते. आपल्याकडे वडगाव म्हटलं की शेरी, बुद्रुक का मावळ ते विचारावंच लागतं, तसंच आहे हे, फक्त तिकडे जरा जास्तच, नोवा व्येश नावाची गावं तर शंभराच्या वर आहेत.

सगळ्यात आधी पिनकोड मागून घ्या. दोन आकडे, मधे डॅश, मग तीन आकडे असा असतो. दोंब्रोवा गुर्निचाचा ४१-३००, हे कातोवित्सेच्या बाजूला, स्टील प्लांटचं शहर. दोंब्रोवा तार्नोव्स्का ३३-२००, क्राकूफच्या पूर्वेला. आणि दोंब्रोवा ब्यावोस्तोत्स्का १६-२००, ते पार वर, बेलारूस बॉर्डरजवळ. चुकीच्या दोंब्रोवाचं तिकीट काढलंत तर बसा मग अख्खा देश तिरका कापत.

छोट्या गावांचं मात्र नुसत्या पिनकोडवर भागत नाही कारण एकच कोड आजूबाजूच्या चार गावांना असतो, मग ग्मिना आणि पोव्यात पण विचारा, म्हणजे गावाच्या वरचे दोन टप्पे. नुसता प्रांत कळून उपयोग नाही, एका प्रांतात पाच नोवा व्येश निघतील.

नावाच्या शेपटीवर तर अजिबात जाऊ नका. तोमाशुव माझोव्येत्स्की ऐकून वाटतं माझोव्ये प्रांतात असेल, पण आहे वूच प्रांतात. गोझुव व्येल्कोपोल्स्कीचंही तेच, ते लुबुश प्रांतात. जुना कागद असेल तर अजून घोळ, १९७५ ते १९९८ प्रांत होते ४९, १९९९ पासून झाले १६, त्यामुळे जुन्या कागदावरचा तार्नुफ प्रांत आज सापडणारच नाही.

नद्यांचीही नावं अशीच सारखी असतात, पण त्यांचं सोपंय, ती नदी पुढे कुठल्या नदीला मिळते तेवढं बघायचं. ब्यावा नावाची एक नदी ब्यावीस्तोकमधून जाते, दुसरी दुनायेत्सला मिळते, तिसरी ब्येल्स्को-ब्यावामधून थेट व्हिस्टुलाला. गंमत म्हणजे ब्यावा पोदलास्का हे शहर यातल्या एकीवरही नाही, तिथली नदी क्शना.

आणि कोणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पमधल्या, दुसऱ्या महायुद्धात आलेल्या पोलिश निर्वासितांची गावं शोधत असेल (१९४३ ते ४८ चा कॅम्प), तर आजच्या पोलंडमध्ये त्याच नावाचं गाव सापडलं म्हणून लगेच टिक करू नका, त्यातले बरेचसे लोक आता बेलारूस-युक्रेनमध्ये गेलेल्या भागातले होते, आधी त्या काळचा मॅप उघडा.