शनिवारी ओटीजी लावायचा, तर गुरुवारपासून काय काय

जानेवारीतला एखादा शनिवार, ओटीजी म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन आणि तीन पदार्थ: केळ्याचा चॉकलेट लोफ, संत्र्याच्या सालीची ब्राउनी आणि चॉकलेटात बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या. सामान दोन पिशव्यांत मावतं. बिघडण्याचं कारण मात्र तिन्हींचं बहुतेक वेळा एकच निघतं, ते म्हणजे पाणी. स्ट्रॉबेरीच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शिवाय मुंबईच्या हवेत ते आहे आणि नुकत्याच धुतलेल्या चमच्याच्या दांड्यातही आहे. त्यामुळे या तयारीतलं निम्मं काम पुसण्याचं आणि वाळवण्याचं आहे, हे आधीच धरून चाला.

केळी गुरुवारीच घ्यायची, कारण दुकानातून पिवळीधमक आलेली केळी लोफच्या कामाची नसतात. सालीवर काळे ठिपके दाट झाले, देठाजवळ साल मऊ पडली, की स्टार्चची साखर झालेली असते. त्याआधीचं केळं कुस्करलं तर लोफ पिठूळ लागतो आणि वरून साखर वाढवूनही तो वास येत नाही. वेलची केळी सोलून सहा-सात लागतील, मोठी रोबस्टा असतील तर तीन. पण मोजायचं नगावर नाही, सोललेल्या गरावर: ३०० ग्रॅम. एखादं केळं जास्त गेलं तर मधोमध ओलसर, गच्च पट्टा राहतो आणि लोक तो कच्चा समजून आणखी भाजत बसतात. घड पिशवीतून काढून ओट्यावर उघडा ठेवा, फ्रिजमध्ये नको.

त्याच दिवशी दोन मिनिटांची परीक्षा घ्या. चमचाभर बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकली की लगेच फसफसायला हवी. सोड्यावर लिंबू पिळलं की तेच. पावसाळाभर अर्धवट उघड्या राहिलेल्या डब्यातली पावडर दिसायला ठीक असते, पण हवेतलं पाणी खाऊन तिची ताकद गेलेली असते. वजनकाट्याचे सेल बघा. वाटी-चमच्याचं माप पोह्यांना चालतं. कपात मैदा दाबून भरला की सैल भरला, एवढ्यावर वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो.

ओटीजीचं एक. दीड-दोन हजार वॅटचा ओटीजी सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावू नका, एक्स्टेन्शन बोर्डवर तर नाहीच. जुन्या इमारतींत स्वयंपाकघरात मोठं सॉकेट एकच असतं आणि त्यावर फ्रिज किंवा मायक्रोवेव्ह बसलेला असतो. शनिवारी ते मोकळं कसं करणार हे आज ठरवा. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर नसेल तर तो आणा. डायल १७० वर आणि आत १९० अंश सेल्सिअस, हे घरगुती ओटीजीत सर्रास होतं. वरून फुटलेला, आतून कच्चा लोफ त्यातूनच येतो.

शुक्रवारचा बाजार. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, सोयीची आहे ती एवढ्यासाठी की फळं आणि बेकिंगचं सामान दोन्ही त्याच परिसरात मिळतं. दादरलाही काम होतं. जाताना सकाळी जा. चॉकलेट शेवटी घ्या आणि थर्मल पिशवीत ठेवा. दुपारच्या उन्हात टॅक्सीच्या सीटवर राहिलेला स्लॅब घरी येईपर्यंत वाकतो. स्ट्रॉबेरीचे डबे लोकलमध्ये मांडीवर धरायचे. पिशवीत खाली गेले की संपलं.

चॉकलेट घेताना पुढचं नाव वाचू नका, मागची घटकांची यादी वाचा. कोको बटर लिहिलंय, दुसरं कुठलं तेल नाही, तर ते खरं चॉकलेट. कोको पावडर आणि त्याबरोबर पाम कर्नल किंवा हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल, तर ते कंपाउंड. कंपाउंडला नाकं मुरडायची पद्धत आहे, ती थोडी अन्यायाची. कोको बटर साधारण ३४ अंशांला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. मे महिन्यात खोलीचं तापमानच त्याच्या जवळ जातं. कंपाउंडला टेम्परिंग, म्हणजे वितळवून ठरावीक अंशांपर्यंत ढवळत थंड करणं, लागत नाही आणि ते उकाड्यात टिकतं. वर लेप द्यायचा असेल, घरात एसी नसेल, तर बिनदिक्कत कंपाउंड वापरा. ब्राउनीच्या मिश्रणात मात्र खरंच चॉकलेट हवं, तिथे जिभेला फरक कळतो. ब्राउनीसाठी ५५ ते ६० टक्के कोकोचं २०० ग्रॅम आणि स्ट्रॉबेरीसाठी तेच ३०० ग्रॅम घ्या. लोफला ८० ग्रॅम चिप्स. चिप्स वितळवून लेप करू नका. आकार टिकावा म्हणून त्यांत कोको बटर कमी असतं, लेप जाड आणि चिकट येतो.

स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम, मध्यम, देठाची पानं हिरवी असलेली. डबा उलटा करून तळ बघा. महाबळेश्वरहून आलेल्या डब्यात वरचा थर नेहमीच देखणा असतो, दबलेलं फळ खाली असतं. संत्री दोन. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि फुगीर असते, किसणीवर ती दबते आणि पांढरा भाग कडवटपणासकट निघतो. म्हणून त्यातल्या त्यात घट्ट सालीची निवडा आणि किसण्याआधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा. बटर बिनमिठाचं, १५० ग्रॅम. टोस्टला लावायचं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, ते आणलं तर पाककृतीतलं मीठ वगळा. कोको पावडर बिनसाखरेची, अंडी पाच. बटर पेपर घेताना बेकिंगचा आहे का ते विचारा. पोळ्या गुंडाळायचा पातळ कागद केकच्या तळाला असा चिकटतो की नखाने खरवडावा लागतो.

शुक्रवारी रात्री जेवणं आवरल्यावर, ओटा कोरडा करून, वजनं. लोफसाठी एका डब्यात १८० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको, पाऊण छोटा चमचा सोडा, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, दोनदा चाळून. सोडा नुसता वरून भुरभुरला तर एखाद्या घासाला साबणासारखी चव लागते, म्हणून चाळायचा आळस नको. दुसऱ्या डब्यात १३० ग्रॅम साखर. १०० मिलीलिटर बिनवासाचं तेल मोजून ठेवा. शेंगदाण्याचं फिल्टर तेल इथे नको. ६० ग्रॅम दही आणि दोन अंडी सकाळी बाहेर काढायची आहेत, तशी चिठ्ठी फ्रिजवर लावा. ब्राउनीला ९० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको आणि चिमूटभर मीठ. सोडा, पावडर काही नाही.

ब्राउनीची २०० ग्रॅम साखर पसरट ताटात घ्या. संत्री कोमट पाण्याने चोळून धुवा, पुसा, बारीक किसणीवर फक्त केशरी भाग उतरवा. एका जागी एकदाच घासायचं आणि फळ फिरवायचं. दुसऱ्यांदा तिथेच घासलं की पांढरं लागलंच. कीस साखरेत टाकून बोटांनी चुरा, शेव करताना तेलाचं मोहन पिठाला चोळतो तसा. दोन मिनिटांत साखर ओलसर, फिकट केशरी होते आणि घरभर वास सुटतो. सालीतलं तेल साखरेत उतरलं. झाकणाच्या बरणीत भरून ठेवा. संत्र्याचा रस ब्राउनीत घालण्याचा मोह टाळा. चवीला तो फारसा उरत नाही, नुसतं पाणी वाढवतो.

ब्राउनीचं चॉकलेट मोठ्या सुरीने चिरून ठेवा, वाटाण्याएवढं. स्ट्रॉबेरीचं ३०० ग्रॅम आणखी बारीक चिरा आणि त्याचे २०० आणि १०० असे दोन भाग वेगळे करा. चिरलेलं चॉकलेट रात्री हवाबंद डब्यात, एसी लावणाऱ्या खोलीत राहू द्या. फ्रिजमध्ये ठेवायचीच वेळ आली तर दुहेरी पिशवीत ठेवा, कारण लसणाच्या चटणीचा वास ते तासाभरात ओढतं. सकाळी डबा न उघडता बाहेर ठेवा. थंडगार चॉकलेटला बाहेरच्या हवेत घाम फुटतो, त्या पाण्यात वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरट, खरखरीत पापुद्रा राहतो. तो बुरशीचा नसतो, खाता येतं. पण लेपाला ते गेलं.

शनिवारी क्रम महत्त्वाचा: आधी ब्राउनी, मग लोफ, स्ट्रॉबेरी सगळ्यात शेवटी. ओटीजी चालू असलेल्या स्वयंपाकघरात चॉकलेटचा लेप देऊच नये, आणि शेगडीवर कुकर शिट्ट्या देत असेल तर वाफेमुळे दुप्पट वाईट. उठल्या उठल्या अंडी, दही, बटर बाहेर काढा आणि स्ट्रॉबेऱ्या देठासकट धुवा. देठ आधी काढलं तर त्या भोकातून पाणी आत जातं आणि लेपाखालून झिरपत राहतं. सुती पंच्यावर एका थरात पसरा, पंखा लावा, दोन तास हात लावू नका. नंतर प्रत्येक फळ देठाच्या पानांखालून टिशूने टिपा. पाणी तिथेच लपतं. पंचा वर्तमानपत्रावर घालू नका, शाई उतरते.

ओटीजी दोन्ही कॉइलवर, १७० अंशांवर, वीस मिनिटं आधी. आठ इंची चौकोनी टिनला कागद लावा, दोन बाजूंनी बाहेर लोंबता ठेवा, म्हणजे ब्राउनी उचलून काढता येते. बटर आणि २०० ग्रॅम चॉकलेट एकत्र वितळवून कोमट होऊ द्या. गरमच तीन अंड्यांत ओतलं तर चॉकलेटी ऑम्लेट होईल. संत्र्याची साखर आणि अंडी फेस येईपर्यंत घोटा, चॉकलेट मिसळा, मैदा हलक्या हाताने. मधल्या जाळीवर २५ मिनिटं. टूथपिकला ओलसर कण लागले पाहिजेत. कोरडी बाहेर आली तर उशीर झाला. पूर्ण गार होण्याआधी कापू नका, निदान दोन तास.

लोफसाठी नऊ बाय पाच इंचांचा टिन, १७० वरच, ५० ते ६० मिनिटं. केळं कुस्करण्याचं काम शेवटच्या क्षणी करा, आधी केलं तर काळं पडून पाणी सुटतं. मिक्सरमधून फिरवू नका, काट्याने कुस्करा. टूथपिकला लागलेलं काळं पीठ आहे की वितळलेली चिप, ते बोटावर घेऊन बघा. चिपला कच्चं पीठ समजून लोफ वाळवणारे बरेच असतात. त्या दिवशी संकष्टी निघाली तर लोफमधून दोन्ही अंडी काढा, दही एकूण १६० ग्रॅम करा आणि एक छोटा चमचा व्हिनेगर घाला. किंचित दाट होतो, पण छान होतो. ब्राउनीत अंड्याच्या जागी दही घालून तोच पदार्थ होत नाही. ती दुसऱ्या दिवसावर ढकला.

आता स्ट्रॉबेरी. बेडरूमचा एसी २२ वर तासभर आधी लावा, दार बंद, खाटेशेजारी टेबलावर कागद घातलेलं ताट. पातेल्यात बोटभर पाणी तापवून गॅस बंद करा. वर कोरडं काचेचं भांडं ठेवा, तळ पाण्याला न लागता. त्यात २०० ग्रॅम. लाकडी चमचा नको, त्याच्या रंध्रांत ओल असते. सिलिकॉनचा स्पॅच्युला घ्या. ४५ अंशांवर आलं की भांडं उचला आणि आधी त्याचा तळ पुसा, कारण भांडं कलंडताना तिथला थेंब आत ओघळतो. एका थेंबाने चॉकलेट सीझ होतं: चकाकी जाते, ओल्या मातीसारखे गोळे धरतात. तसं झालंच तर लेपाचा नाद सोडा, गरम दूध घालत घोटा आणि ब्राउनीवर ओतायला सॉस करा.

भांडं बेडरूममध्ये न्या, उरलेले १०० ग्रॅम थोडेथोडे घालत ढवळा. डार्क चॉकलेट ३१-३२ अंशांवर आलं की सुरीचं टोक बुडवून ठेवा. पाच मिनिटांत चमकदार, कोरडं बसलं तर जमलं. चिकट किंवा पट्टेदार राहिलं तर आणखी दोन तुकडे घालून ढवळा. ३४ च्या वर गेलं तर टेम्पर मोडला, पुन्हा ४५ पासून. कंपाउंड असेल तर हे काही नाही, वितळवा आणि बुडवा.

फळं खोलीच्या तापमानाची हवीत. फ्रिजमधली गार स्ट्रॉबेरी बुडवली तर लेप झटकन बसतो आणि फळ कोमट होताना तडकतो. पानं धरून बुडवा, वर उचलून दोनदा हलका झटका द्या, मागची बाजू भांड्याच्या काठाला टेकवून पुसा, नाहीतर ताटात खाली चॉकलेटचं पाऊल तयार होतं. ५०० ग्रॅमला चॉकलेट थोडं उरेल; ते कागदावर पसरून गोठवा, पुढच्या वेळी चालतं.

पावसाळ्यात हाच बेत करायचा असेल तर ताज्या फळांच्या वाटेला जाऊ नका. वसईची सुकेळी घ्या, राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली, किंवा आंबापोळी. पाणी आधीच गेलेलं, त्यामुळे लेप आठवडाभर टिकतो. सुकेळ्याचे बोटाएवढे तुकडे करा, वरचा चिकटपणा कोको पावडरने कोरडा करा आणि बुडवा.

स्ट्रॉबेऱ्या त्याच दिवशी संपवायच्या. दुसऱ्या दिवशी तळाशी गोडसर पाणी सुटतं. ब्राउनी हवाबंद डब्यात बाहेर तीन दिवस. लोफ पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळा, बाहेर दोन दिवस, त्यापुढे फ्रिजमध्ये. कुणाकडे न्यायच्या असतील तर स्ट्रॉबेऱ्या ब्राउनीच्या डब्यात घालू नका, वेगळा पसरट डबा घ्या आणि झाकणाच्या आत टिशू लावा.